पहिला घोडा पडतो तेव्हाच घड्याळ सुरू करा

प्रति,
महासंचालक, जागतिक पशुआरोग्य संघटना,
आणि सर्व सदस्य देशांचे मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी यांस

सादर नमस्कार.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. दिवस तबेल्यात जातो, त्यामुळे पत्रं लिहायची सवय नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला तर नाहीच नाही. तरी लिहिते आहे. एक गोष्ट गेली काही वर्षं मला स्वस्थ बसू देत नाही आणि ती बदलणं आपल्याच हातात आहे.

आपल्या नियमावलीत एक तरतूद आहे. यादीतला एखादा रोग देशात नव्याने आढळला आणि त्याची पुष्टी झाली, की 24 तासांच्या आत सदस्य देशाने आपल्याला कळवायचं. तरतूद चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी देशांना वेळेवर सावध होता आलं असेल. पण हे घड्याळ पुष्टीनंतर सुरू होतं. पहिल्या घोड्याला ताप चढतो तिथपासून प्रयोगशाळेचा कागद हाती येईपर्यंतचे दिवस, कधी कधी आठवडे, कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. डास, चिलटं, गोमाश्या यांच्यामुळे पसरणाऱ्या रोगांमध्ये जे काही व्हायचं ते त्याच दिवसांत होऊन जातं. हे पत्र त्या दिवसांबद्दल आहे.

आधी माझ्याकडची एक घोडी सांगते.

सात वर्षांची, कुमैत, स्वभावाने गरीब. एका सकाळी मोतद्दाराचा फोन आला. "डॉक्टर, ही सारखी ओठ हलवतेय. चारा पुढ्यात आहे, पण तोंड लावत नाही." मी गेले. खालचा ओठ खरंच थरथरत होता, कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असल्यासारखा. मानेच्या आणि खांद्याच्या कातडीखाली बारीक लहरी धावत होत्या. ताप फारसा नव्हता. चार पावलं चालवून तिला वळवलं, तर मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती भिंतीला टेकली. मोतद्दार तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला, ते मला आजही दिसतं. खरारा करताना ती मान त्याच्या खांद्यावर टाकायची, तो म्हणाला.

मालक वाईट माणूस नव्हता. आठ दिवसांवर स्पर्धा होती, त्याच तबेल्यातले पाच घोडे जायचे होते, पैसे भरून झाले होते. त्याने एवढंच विचारलं, "कळवलंत तर काय होईल?" मी खरं तेच सांगितलं. तबेला बंद होईल. किती दिवस, ते सांगता येणार नाही. भरपाई बहुधा मिळणार नाही. "आणि नाही कळवलं तर?" या प्रश्नावर मी गप्प राहिले. त्याला उत्तर माहीत होतं.

मी त्याच संध्याकाळी कळवलं. संबंधित कार्यालयातून उत्तर आलं की निश्चित निदानाशिवाय नोंद घेता येत नाही, नमुना पाठवा. नमुना गेला. चौथ्या दिवशी घोडी बसली. पोटाखालून पट्टे घालून आम्ही तिला दोनदा उभं केलं, तिसऱ्यांदा तिने पाय टेकलेच नाहीत. मग मीच तिला इंजेक्शन दिलं. सातव्या दिवशी ते पाच घोडे ट्रकमध्ये चढले आणि स्पर्धेला गेले. त्यांना थांबवण्याचा अधिकार मलाही नव्हता आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही नव्हता. निदानाचा कागद आला तेव्हा पहिल्या फोनला एकोणीस दिवस झाले होते. वेस्ट नाइल.

त्यातल्या त्यात नशीब म्हणायचं. वेस्ट नाइलचा विषाणू पक्षी आणि डास यांच्यात फिरत राहतो. घोड्यात आणि माणसात तो घुसतो, मेंदूपर्यंत जातो, पण त्यांच्या रक्तात तो इतका थोडा असतो की त्यांना चावलेला डास पुढे कुणाला बाधा देऊ शकत नाही. ते पाच घोडे आजारी असते तरी त्यांच्यापासून दुसऱ्या घोड्यांना धोका नव्हता. हे आज सांगता येतं. ट्रक निघाला त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. त्या जागी आफ्रिकन हॉर्स सिकनेस, म्हणजे चिलटांतून घोड्या-घोड्यांत पसरणारा जीवघेणा रोग असता, तर त्या पाच घोड्यांतला एखादा रक्तात विषाणू घेऊन, अजून ताप न चढलेला, कागदोपत्री ठणठणीत, शंभर अनोळखी घोड्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला असता. आणि संध्याकाळी तिथे चिलटं आलीच असती.

या रोगाबद्दल आपल्याला मी काय सांगायचं? घोड्यांच्या रोगांपैकी हा एकच असा आहे, ज्याच्यापासून देश मुक्त आहे की नाही याचा अधिकृत दाखला आपली संघटना देते. पण हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. ज्या घोड्यांनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नाही त्यांच्यात फुप्फुसाचा प्रकार झाला, तर शंभरातले नव्वदहून अधिक दगावू शकतात. आधी ताप येतो, आणि मग काही तासांचा खेळ उरतो. घोडा मान पुढे ताणतो, पुढचे पाय फाकवून उभा राहतो, नाकपुड्या फुलून लाल होतात, आणि शेवटी नाकातून पांढऱ्या फेसाचा लोट येतो. आपल्याच फुप्फुसातल्या पाण्यात तो बुडत असतो. दुसऱ्या प्रकारात, हृदयाच्या, मरण जरा सावकाश येतं. डोळ्यांच्या वर जे खळगे असतात ते भरून येतात आणि सुजून फुगतात. खेचरं त्यामानाने कमी मरतात, गाढवं आणखी कमी. झेब्र्याला बहुधा काहीच होत नाही. तो चरत राहतो आणि त्याच्या रक्तात विषाणू काही आठवडे राहू शकतो.

1854-55 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या वसाहतीत या रोगाने सत्तर हजारांच्या आसपास घोडे नेले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा रोग, असं म्हणून जग निर्धास्त होतं. मग 1959 ते 1961 या काळात तो पश्चिम आशियातून पाकिस्तान आणि भारतापर्यंत आला, आणि घोडे, गाढवं, खेचरं मिळून तीन लाखांहून अधिक जनावरं गेली. 1987 मध्ये नामिबियातून माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कमध्ये झेब्रे आणले गेले आणि त्यांच्यासोबत रोग स्पेनमध्ये उतरला. थंडी पडली की चिलटं मरतील, रोग आपोआप जाईल, असा अंदाज होता. दक्षिण स्पेनमधला हिवाळा तेवढा कडक निघाला नाही. रोग 1990 पर्यंत तळ ठोकून राहिला, 1989 मध्ये पोर्तुगाल आणि मोरोक्कोतही गेला, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीचं काय होणार, अशी चिंता पडली.

थायलंडची गोष्ट तर कालपरवाची. 2020 च्या फेब्रुवारीत नाखोन रात्चासिमा प्रांतात घोडे एकाएकी मरू लागले. आग्नेय आशियात हा रोग तोवर कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचं नाव कुणाच्या मनात आलं नाही, यात दोष द्यावा असं काही नाही. मीही तिथे असते तर विषबाधा किंवा न्यूमोनियाच म्हटलं असतं. पुष्टी झाली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षभरात पाचशेहून अधिक घोडे गेले, आणि सप्टेंबरमध्ये शेजारच्या मलेशियातही रोग सापडला. संशय पुन्हा आयात केलेल्या झेब्र्यांकडे वळला. पुढे तिथल्या डॉक्टरांनी, मालकांनी आणि मोतद्दारांनी जे केलं त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. भर उन्हाळ्यात आख्खे तबेले बारीक जाळीने मढवले, घोडे दिवस मावळायच्या आधी आत आणि उजाडल्यावर बाहेर. लस टोचली, टोचलेल्या घोड्यांची ओळख पटावी म्हणून चिप बसवल्या. 2023 मध्ये आपल्याच संघटनेने तो देश पुन्हा रोगमुक्त ठरवला. हे काम इतकं चोख झालं, म्हणूनच वाटतं की पहिले काही आठवडे हातात असते तर किती घोडे आज उभे असते.

न्यू यॉर्कमध्ये 1999 च्या उन्हाळ्यात हेच घडलं. कावळे पटापट मरून पडत होते. ऑगस्टमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला, त्याला सेंट लुइस एन्सेफलायटिस (डासांतून पसरणारा, तिथे आधीपासून असलेला मेंदूज्वर) असं नाव दिलं गेलं. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनामारा यांना ते पटेना, कारण त्यांच्याकडचे पक्षी मरत होते आणि सेंट लुइसने पक्षी मरत नाहीत. पक्ष्यांचा आजार आणि माणसांचा आजार एकच असू शकतो हे म्हणणं लावून धरायला त्यांना फार खटपट करावी लागली. सप्टेंबरच्या अखेरीस नाव निश्चित झालं. 1937 मध्ये युगांडातल्या वेस्ट नाइल भागात सापडलेला विषाणू अटलांटिक ओलांडून आला होता. त्या साली लाँग आयलंडवर 25 घोडे आजारी पडले. 2002 या एका वर्षात अमेरिकेत आजारी घोड्यांचा आकडा चौदा हजारांच्या वर गेला. पाच वर्षांत विषाणू या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला पोचला. आता तो तिथला कायमचा रहिवासी आहे आणि त्याला परत पाठवायचा कुठलाही मार्ग नाही. घोड्यांसाठी लस 2001 पासून आहे. माणसांसाठी अजून नाही.

मी हे सगळं का उगाळते आहे? कारण माझ्याकडे, थायलंडमध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये, तिन्ही ठिकाणी पहिली खूण कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होती. आणि ती पाहणारा माणूस बहुतेक वेळा मोतद्दार, प्राणिसंग्रहालयातला कर्मचारी, खेड्यातला पशुवैद्य असा असतो. त्याच्याकडे पुष्टी नसते. त्याच्याकडे "काहीतरी वेगळंच आहे" एवढी एकच गोष्ट असते, आणि आपल्या व्यवस्थेत त्या एका गोष्टीला रकाना नाही.

आता कागदांबद्दल. घोडा सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्यासोबत जाड फाइल जाते. रक्ततपासणी, लसीकरण, चिपचा क्रमांक, विलगीकरणाचे दिवस. मी स्वतः अशा कितीतरी फायलींवर सह्या केल्या आहेत आणि त्या नीट वाचूनच केल्या आहेत. पण चिलटाची फाइल नसते. क्युलिकॉइड्स हे त्याचं शास्त्रीय नाव. एक ते तीन मिलिमीटरचा जीव. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून तो सहज आत जातो. संध्याकाळी तबेल्यात दिवा लावला की दाराशी धूर तरंगावा तसा त्यांचा थवा तरंगतो. घोडा कान झाडतो, कातडी थरथरवतो, पाय आपटतो. जवळ जाऊन कानाच्या आत बोट फिरवलं तर बोटाला काळे बारीक ठिपके आणि रक्ताचा पुसट डाग लागतो. चावते ती फक्त मादी. तिची अळी ओल्या मातीत वाढते, म्हणजे गळक्या नळाखाली, हौदाभोवतीच्या चिखलात, लिदीच्या ढिगाच्या ओल्या कडेला. या चिलटातून हा रोग जातो हे 1944 पासून माहीत आहे.

आणि हे चिलट वाऱ्यावर जातं. समुद्रावरून शेकडो किलोमीटर जाऊ शकतं. 2007 मध्ये मेंढ्यांचा ब्लूटंग युरोपच्या किनाऱ्यावरून इंग्लंडमध्ये गेला तो असाच, वाऱ्यासोबत, कुणाच्याही सहीशिवाय. ब्लूटंगचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तो आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा सख्खा भाऊ आहे. विषाणूंचं कूळ एक, वाहक एकाच गोत्रातले. ब्लूटंगला लागणारी आफ्रिकन चिलटाची जात उत्तर युरोपात नाही, म्हणून तो तिथे येणार नाही, असं सगळे समजून चालले होते. ऑगस्ट 2006 मध्ये तो नेदरलंड्समध्ये मास्ट्रिक्टजवळ उगवला, बेल्जियम आणि जर्मनीच्या अगदी सीमेवर. तिथल्याच स्थानिक चिलटांनी त्याला उचललं आणि दोन वर्षांत तो स्वीडनपर्यंत गेला. आला कुठून, हे अजूनही ठरलेलं नाही. जे मेंढीच्या बाबतीत झालं ते घोड्याच्या बाबतीत होणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हवामानाचा भाग आपण जाणताच. चिलटाच्या शरीरात हा विषाणू पंधरा अंशांच्या खाली वाढत नाही. पारा जसजसा चढतो तसतसा तो लवकर तयार होतो, इतका लवकर की चिलट मरायच्या आधी त्याला आणखी एकदोन घोडे चावायला वेळ मिळतो. ज्या प्रदेशांना थंडीचं कुंपण होतं त्यांचं कुंपण दरवर्षी थोडं थोडं बुटकं होत चाललं आहे. पुराचं पाणी साचतं तिथे डासांचं फावतं. 2022 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात अतिवृष्टीनंतर जपानी एन्सेफलायटिस हा डासांतून पसरणारा मेंदूज्वर असाच वर आला, डुकरांच्या फार्मांतून, जिथे तो आधी कधी नव्हता. 2023 च्या शेवटी अर्जेंटिना आणि उरुग्वेत वेस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस, म्हणजे डासांतूनच येणारा घोड्यांचा मेंदूज्वर, कित्येक दशकांनी परत आला. हजारांवर घोडे आजारी पडले. अर्जेंटिनात शंभराहून अधिक माणसांनाही बाधा झाली आणि त्यातली बारा गेली. तिथेही घोडे आधी पडले, माणसं नंतर. ज्या मंत्रालयांना घोड्यांसाठी पैसे खर्च करणं चैनीचं वाटतं, त्यांना हा क्रम आपण दाखवावा.

घोड्यांशिवाय इतर जनावरांच्या वाहतुकीचंही बोलायला हवं. सर्रा रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये पंजाबात डेरा इस्माइल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला. गोमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता हुसकली गेली, की सोंडेला लागलेलं ओलं रक्त घेऊन दुसऱ्यावर बसते; एवढंच त्याला पुरतं. हा रोग 1997 मध्ये कॅनरी बेटांवर उंटांमध्ये सापडला, 2006 मध्ये तिथून नेलेल्या उंटांसोबत फ्रान्समध्ये गेला, 2008 मध्ये स्पेनच्या मुख्य भूमीवर आला आणि तिथे त्याने घोड्या-गाढवांनाही गाठलं. म्हणजे झेब्रा प्रदर्शनासाठी, उंट सहलीसाठी, आणि भोगायचं घोड्याने. शर्यतीच्या घोड्याला जितके कागद लागतात तितकेच झेब्र्याला आणि उंटालाही लागले पाहिजेत. घोड्याच्या कुळातलं किंवा घोड्याचा रोग वाहणारं कुठलंही जनावर, मग ते शोभेसाठी का असेना, घोड्याच्याच नियमात बसवा. एवढा एक बदल तरी लगेच होण्यासारखा आहे.

आपल्या संघटनेचा जन्म कशातून झाला, ते आठवते. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथरोग, पसरली. त्यातून 1924 मध्ये 28 देश एकत्र आले आणि ठरलं की रोगाची खबर कुणी दडवायची नाही. 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचं जाहीर झालं, ही आपल्या कामाची केवढी मोठी पावती! म्हणूनच आपल्याकडे मागते आहे.

संशयाच्या पायरीवरच्या खबरीला अधिकृत जागा द्या. "मेंदूची लक्षणं, कारण अज्ञात", "अचानक ताप आणि श्वास, कारण अज्ञात" अशी नोंद पशुवैद्याला त्याच दिवशी करता आली पाहिजे, आणि त्या नोंदीवर त्या तबेल्यातली ये-जा काही दिवसांपुरती आपोआप थांबली पाहिजे. काही दिवसांपुरतीच, हे महत्त्वाचं. नमुन्याचं उत्तर ठरलेल्या मुदतीत आलं पाहिजे आणि ते निर्दोष आलं तर बंदी त्याच दिवशी उठली पाहिजे. माझ्या त्या मालकाला "किती दिवस" याचं उत्तर देता आलं असतं ना, तर त्याने पाचही घोडे स्वतःहून थांबवले असते, असं मला मनापासून वाटतं. माणसं रोगाला जितकी घाबरतात त्याहून जास्त मुदत नसलेल्या बंदीला घाबरतात.

भरपाईचंही तसंच. खबर देणाऱ्याचं नुकसान होतं आणि दडवणाऱ्याचं होत नाही, हे जोवर चालू आहे तोवर कुठल्याही नियमावलीचा उपयोग नाही. देशांच्या बाबतीतही हेच. ज्या देशाने आपण होऊन, पुष्टीच्या आधी, "आमच्याकडे काहीतरी संशयास्पद आहे" असं सांगितलं, त्याच्या सगळ्या घोड्यांवर इतर देशांनी एकदम दारं लावू नयेत. रोगाचा प्रदेश वेगळा आखून बाकीचा देश मोकळा ठेवायची सोय आपल्याच नियमांत आहे, ती अशा देशाला आधी मिळावी. स्पर्धा आणि शर्यती भरवणाऱ्या संस्थांनाही सांगा: आजारपणामुळे आयत्या वेळी माघार घेतली, तर भरलेले पैसे परत. तेवढ्याने कितीतरी ट्रक तबेल्यातच थांबतील.

कीटक मोजायची व्यवस्था बारमाही ठेवा. साथ आली की सापळे लावायचे आणि गेली की काढायचे, असं चालतं ते थांबलं पाहिजे. सापळा महाग नसतो: अतिनील दिवा, छोटा पंखा, खाली बाटली. महाग असतो तो दुसऱ्या दिवशी बाटलीतला काळा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली पसरून एकेका चिलटाच्या पंखावरची ठिपक्यांची नक्षी बघून जात ओळखणारा माणूस. तो डोळा तयार व्हायला वर्षं लागतात, आणि साथ आल्यावर तो विकत मिळत नाही. अशी माणसं घडवा, त्यांना कायमची नोकरी द्या.

आणि लस. आफ्रिकन हॉर्स सिकनेसची आज वापरात असलेली लस जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची आहे. तिने दक्षिण आफ्रिकेत असंख्य घोडे वाचवले, आणि तिच्यातलेच विषाणू आपापसांत मिसळून किंवा पुन्हा उग्र होऊन 2004 ते 2014 या काळात तिथल्या नियंत्रित भागात साथी उठल्या, हेही तिथल्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे दाखवून दिलं. लस टोचलेला घोडा आणि रोग होऊन गेलेला घोडा यांच्यात रक्ताच्या नेहमीच्या तपासणीने फरकही करता येत नाही. म्हणून रोगमुक्त देश ती वापरायला कचरतात, आणि कचरण्यातही दिवस जातात. या विषाणूचे नऊ प्रकार आहेत; स्पेनच्या साथीच्या काळात त्यातल्या एकावर मृत विषाणूची लस बनली होती. साथ गेली, मागणी गेली, लस गेली. रेबीजसाठी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या साथरोगासाठी आपण लसीचे साठे उभे केलेत. या विषाणूच्या नऊही प्रकारांवर सुरक्षित लस बनवून घ्यायला आणि तिचा साठा ठेवायला आपणच पुढाकार घ्या. गिऱ्हाईक नाही म्हणून कुठलीही कंपनी ती आपण होऊन बनवणार नाही.

एक शेवटचं. हे पत्र वाचताना डोळ्यांसमोर शर्यतीचे आणि स्पर्धेचे घोडे येतील, कारण विमानात तेच चढतात. पण जगात घोडे, गाढवं आणि खेचरं मिळून दहा कोटींहून अधिक आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ओझी वाहतात, गाड्या ओढतात, पाणी आणतात. विमानातून उतरलेला विषाणू त्यांच्यापर्यंत पोचतो तेव्हा जाळीचा तबेला नसतो, चिप नसते, डॉक्टरही नसतो. एक जनावर गेलं की एका घराची कमाई गेली. त्या घरातला माणूस सकाळी आपल्या खेचराच्या डोळ्यांवरचे खळगे सुजलेले बघतो, तेव्हा त्याला सांगायला एक फोन नंबर असावा, आणि पलीकडून "पुष्टी आहे का?" असं कुणी विचारू नये.

माझ्या घोडीच्या सगळ्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत: मोतद्दाराचा फोन, माझी खबर, कार्यालयाचं उत्तर, नमुना गेल्याची तारीख, ट्रक निघाल्याची वेळ, कागद आल्याची तारीख. मालकाची परवानगी घेतली आहे. आपल्या मे महिन्यातल्या अधिवेशनात हा विषय घेणार असाल, तर त्या मी पाठवून देते.

आपली नम्र,
एक अश्ववैद्य